चार बोटं कमी

कोल्हार,
१८ सप्टेंबर १९७२

चि. रंगूस अक्काचा आशीर्वाद. छबूलाही, कारण हे पत्र वाचणार तीच. छबे, आईला सावकाश वाचून दाखव. कंटाळा आला म्हणून मधलं गाळू नको, मला बरोबर कळतं.

गौरी परवा गेल्या. यंदा दोघींना मी हातानं चोळ्या शिवल्या, बाहीला बोटभर जर लावली. शेजारची बनुबाई म्हणाली, "आमाला न्हाई कदी अशी शिवली." तिला म्हटलं, शिवून झाल्यावर गौरी बाही घट्ट झाली म्हणून भांडत नाहीत.

आता घट बसायच्या आत घरातली एकूण एक वाकळ-गोधडी धुऊन निघाली पाहिजे. काल बनुबाई आणि मी गाडीभर वाकळा घेऊन प्रवरेवर गेलो. भिजलेली वाकळ म्हणजे काय ओझं असतं ते तुला माहीत आहे. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं, पिळता पिळता ती कसल्याशा गोष्टीवर हसली आणि हातच सोडला. मी पाण्यात बसले. या वयात. मग वाळूवर वाकळा पसरल्या आणि त्या वाळेपर्यंत तिथंच बसून भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. ओल्या शेंगा, मीठ घालून उकडलेल्या. तुझी आठवण झाली. तू लहानपणी टरफलंसुद्धा चोखत बसायचीस.

दसऱ्याच्या चोळ्यांनी घर भरलंय. मशीनला दम नाही आणि मला जेवायला उसंत नाही. तुझे दाजी म्हणतात, आता भाकरीपण मशीनवरच कर. पण तुझ्यासाठी एक खण मी आधीच काढून ठेवलाय, हिरवा, लाल काठाचा. मापाची चोळी पाठव. तसं तुझं माप मला पाठ आहे, पण दोन लेकरांनंतर बाई रुंदावते, म्हणून विचारलं.

आणखी एक. तुझं एखादं विटलेलं लुगडं पाठवशील का? आईचं एक माझ्याकडं जपून आहे. मध्ये आईचं, एका अंगाला माझं आणि दुसऱ्या अंगाला तुझं, अशी एक वाकळ शिवायची मनात आहे. थंडीच्या आत झाली पाहिजे.

छबूचं अक्षर फार सुंदर झालंय. चौथीतल्या पोरीचं वाटत नाही.

तुझी
अक्का

*

खडकेवाडी, ता. पाथर्डी
१ ऑक्टोबर १९७२

अक्कास रंगूचा नमस्कार. अक्षर छबूचं, बोलणं माझं.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. शेंगांचा मजकूर छबूनं तिसऱ्यांदा आपणहून वाचला.

इकडे सगळे खुशाल आहोत. पाऊस जरा ओढ देतोय, पण अजून हस्त बाकी आहे. हे आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. अख्खं गावच तिथं असतं, त्यामुळे एकटं वाटत नाही. बायका गाणी म्हणतात. धाकटा झाडाच्या सावलीला झोळीत असतो.

वाकळा अजून धुतल्या नाहीत. ओढ्याला पाणी आलं की धुऊ. लुगड्याचं म्हणशील तर यंदा जुनं असं निघालंच नाही, राग मानू नको.

मापाची चोळी पाठवली आहे, पण तीही अंगाला सैल होते. पाठीत तीन बोटं कमी धर आणि दंडात दोन बोटं. तुझ्या पाठ असलेल्या मापावर शिवू नको अक्का, सांगते ते धर.

एक विचारायचं होतं. छबूला शिवणाची हौस आहे. चिंध्या जोडून तिनं बाहुलीची वाकळ केली, टाके बघशील तर म्हातारीचे वाटतील. तिला होळीपर्यंत तुझ्याकडे ठेवून घेशील का? शिवण शिकेल, तुझी काज-बटणं करेल, पाणी भरेल. तिचा तुला त्रास व्हायचा नाही. ती खाते थोडंच.

दाजींना नमस्कार सांग.

तुझी
रंगू

मावशी, मी छबू. हे मी माझ्या मनानं लिहिते. आईनं सांगितलं नाही ते असं की, मला धावदोरा येतो, तुरपाई येते आणि सुईत दोरा एका दमात ओवता येतो. मी आजारी पडत नाही. रडत पण नाही. तू हो म्हणालीस तर मी एकटी एसटीनं येईन, कंडक्टरला सांगितलं की तो कोल्हारला उतरवतो. तुमची म्हैस अजून दूध देते का?

*

कोल्हार,
९ ऑक्टोबर १९७२

चि. रंगूस आशीर्वाद.

काल घट बसले. घटाच्या मातीसाठी दाजी मळ्यातून पाटीभर माती घेऊन आले ती निम्मी माझ्या सारवलेल्या ओट्यावर सांडली. तेवढं सोडलं तर सगळं यथासांग झालं.

तुझी मापाची चोळी आली त्या दिवशी बनुबाई इथंच बसली होती. तिच्यासमोर चोळी उलगडली आणि तू लिहिलेलं वाचलं, की यातही तीन बोटं कमी कर. बनुबाई म्हणाली, "गोजर, तुजी भैन नगरला जाऊन शिनेमा बगून आली का काय?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हणजे आवळ चोळ्यांची टूम पाथर्डीपर्यंत पोचली तर. इथल्या कॉलेजातल्या पोरी येतात ना माझ्याकडं, त्यांचंही हेच, मावशी अजून आवळा, अजून आवळा. त्या वीस वर्षांच्या आहेत गं. आपण श्वास घ्यायला जागा ठेवावी. तेव्हा तुझं काही ऐकलं नाही, माझ्या पाठ असलेल्या मापावरच शिवली आहे. अंगात घातलीस की अक्काला दुवा देशील.

पावसाचं मनाला लावून घेऊ नको. तुमच्याकडं पाऊस कधी होता म्हणून यंदा असायचा? दरसाल तुमचं हेच चाललेलं असतं आणि दरसाल तुम्ही तरून जाता. आमच्याकडंही कालव्याचं पाणी यंदा कमीच सुटलंय.

लुगडं दिलं नाहीस, बरं, राहू दे. आईच्या लुगड्याला दोन्हीकडून माझंच लुगडं जोडते. दुपारच्या उन्हात ओसरीवर वाकळ पसरून आम्ही दोघी दोन टोकांनी टाके घालत सरकतो, मध्ये गाठ पडेपर्यंत चार गावच्या गप्पा होतात. या दिवसांतलं मला एवढंच सुख वाटतं. संध्याकाळी पोरी हादग्याचे फेर धरायला अंगणात येतात, खिरापतीला आज भिजवलेली डाळ होती.

आता छबूचं. मशीन म्हणजे भातुकली नव्हे. शिकायला येणाऱ्या पोरीचे पाय पायडलला टेकतात का, ते मी आधी बघते आणि मग बोलते. छबू अजून टीचभर. शिवाय शाळा अशी मध्येच कशी सोडवायची? असं अक्षर असलेल्या पोरीला काज-बटणं करायला बसवलं तर मास्तर मला बोल लावतील. पाय पायडलला पोचू दे, मग मीच मागून घेईन. आणि म्हैस आहे गं छबे, दूध भरपूर आहे. दिवाळी झाली की सगळीच चार दिवस या, ताक-लोणी खाऊन जा.

तुझी
अक्का

*

खडकेवाडी,
२९ ऑक्टोबर १९७२

अक्कास नमस्कार.

चोळी पोचली. छान बसली. खणाचा रंग कामावरच्या बायकांना फार आवडला.

छबूचं राहू दे. मी आपलं सहज विचारलं होतं.

दिवाळीनंतर यायला जमणार नाही. कामावर खाडा झाला तर नाव कमी करतात. वाकळ शिवून झाली का?

तुझी
रंगू

मावशी, मी छबू. मास्तर बाहेर गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला. तेवढा तोडून या पत्रात ठेवला आहे. एवढा पाय पुरतो का ते लगेच कळव. आईला वाचता येत नाही, म्हणून तिला न सांगता इथं लिहिलं आहे.

*

कोल्हार,
१२ नोव्हेंबर १९७२
(कार्ड)

छबे, तुझा दोरा मशीनला लावून बघितला. दाजींना दाखवला, बनुबाईला दाखवला, सगळे हसले. चार बोटं कमी भरला. चार बोटं म्हणजे काय, वर्षाचं काम आहे. खा, पी, लवकर वाढ. आईला म्हणावं वाकळ झाली, फार ऊबदार झाली.

मावशी

*

कोल्हार,
२० फेब्रुवारी १९७३

चि. रंगूस आशीर्वाद.

दिवाळीपासून तुला तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. संक्रांतीचा तिळगूळ पोचला का, तेही कळलं नाही. चोळीवरून बोलले ते मनाला लागलं का? अगं, ती थट्टा होती. तुझी थट्टा नाही करायची तर कुणाची करायची.

इथं विहिरी खाली गेल्यात. तुमच्या भागातलं येणाऱ्या-जाणाऱ्याकडून ऐकते. माणसं खडीवर आहेत, सुकडी वाटतात, रेशनला मिलो म्हणून परदेशी लाल ज्वारी येते. ऐकलं की तुझी काळजी वाटते, मग मनाशी म्हणते, रंगूनं काही लिहिलेलं नाही, म्हणजे तिचं बरं चाललं असेल. असं धरून चालते.

छबूला तरी दोन ओळी लिहायला सांग. तिचा दोरा मी मशीनच्या कप्प्यात ठेवलाय. परवा दाजी मला विचारत होते, "आपली शिंपीनबाई किती वाढली?"

तुझी
अक्का

*

खडकेवाडी,
२८ मे १९७३

अक्कास रंगूचा नमस्कार.

अक्षर बघून दचकू नको. हे शाळेच्या गोरक्षनाथ मास्तरांचं आहे. मी सांगते तसं ते लिहितात.

छबू आता घरात नाही. अक्षय तृतीयेला तिचं लग्न झालं.

तुला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर तू नवरीची चोळी शिवायला माप मागितलं असतंस, आणि ते माप मला तुझ्याकडे पाठवायचं नव्हतं.

गाव नेवाशाच्या अंगाला आहे. विहिरीला पाणी आहे, घरात दोन वेळची भाकरी आहे. मुलगा नववीत आहे, नगरला बोर्डिंगात असतो. आणखी पाच-सहा वर्षं तो तिकडंच शिकणार. पोरगी नुसती सासूजवळ राहील. सासूचं नाव बायडाबाई. ती म्हणाली, "लेकीवानी ठिवीन." तोंडावरून बरी वाटली. छबू अकरा वर्षांची आहे, हे मास्तरांनी मला तीनदा सांगितलं. मला ठाऊक नाही का? मास्तरांना हे लग्न पसंत नव्हतं, आत्ता लिहितानाही ते थांबले.

आता तुला खरं सांगते, कारण आता लिहिणारी ती नाही. गेल्या पावसात घरातली बाजरी संपली होती. पेरलं ते उगवून जळलं. तुला कळवायचं होतं, पण कुणाच्या हातानं? घरात लिहिता येणारी एक छबू. अक्का, घरात खायला नाही, माझ्या पोरीला पोटाला घाल, हे मी त्याच पोरीच्या हातानं लिहवून घेऊ? तिला वाटलं असतं मी तिला घालवते. म्हणून शिवणाचं निमित्त काढलं. वाटलं, तू मापावरून बाई ओळखतेस, तुला कळेल.

चोळी मी आवळ मागितली नव्हती. माझ्या अंगावरचं मांस गेलं होतं. तू शिवलेली चोळी मी दोन्ही अंगांनी टाचून घातली. आणि लुगडं दिलं नाही, कारण जुनं नेसायलाच लागत होतं.

तुझं कार्ड छबूनंच वाचलं. मला एवढंच म्हणाली, मावशीनं बरंय म्हणून लिहिलंय. पण त्या दिवसापासून शाळेतून आली की उंबऱ्यावर बसून पाय ताणायची. बोटं धरून ओढायची. मी विचारलं, काय करतीस गं? म्हणाली, "पाय वाढवतीया." मला काही कळेना. मग एकदा रडत रडत तिनं सगळं सांगितलं, दोऱ्याचं आणि चार बोटांचं.

संक्रांतीनंतर तिनं शाळा सोडली आणि माझ्याबरोबर खडीवर आली. मिलोची भाकरी तिला पचेना. उन्हाळ्यात धाकटा आजारी पडला, तेव्हा हे म्हणाले, एक तरी लेकरू खात्यापित्या घरी जाऊ दे. स्थळ त्याच आठवड्यात आलं. मी हो म्हणाले.

तुझ्यावर राग नाही. मी एकदा विचारलं, पुन्हा विचारायचं जिवावर आलं. माझंही चुकलं. पुन्हा विचारायला पाहिजे होतं.

तुझी
रंगू

*

कोल्हार,
४ जून १९७३

रंगू,

हे पत्र मास्तर वाचतील. वाचू देत. त्यांनाही कळू दे मी काय आहे ते.

बारा वर्षं मशीन चालवते. चोळी हातात घेतली की सांगते, हिला दिवस गेलेत, ही तापातून उठलीय, ही माहेरून जेवून आलीय. गावात माझं नाव आहे त्याबद्दल. आणि माझ्या पाठच्या बहिणीची चोळी हातात धरून मी शेजारणीबरोबर हसत बसले. पाठीत तीन बोटं कमी होणं म्हणजे काय, हे मला कळायला नको होतं का? कळलं नाही, कारण मला तुझं माप पाठ होतं. तू माझ्या डोळ्यांपुढं लग्नातली होतीस, तशीच मी तुला ठेवली होती.

तू लिहितेस, पुन्हा विचारायला पाहिजे होतं. नाही. लहानपणी आपलं कसं चालायचं आठव. कैरी असो, रिबीन असो, तू मागायचीस, मी नाही म्हणायचे, तू पुन्हा मागायचीस आणि मग मी द्यायचे. छबूच्या वेळीही मी तशीच बसून राहिले. मला वाटलं, विचारील पुन्हा, मग आणू. दुसऱ्यांदा विचारलं की द्यायला बरं वाटतं मला. माझा हा स्वभाव मला आज कळला, आणि ज्या वेळी कळायला हवा होता त्या वेळी मी वाकळ शिवत होते.

आणखी एक लपवलं होतं तेही लिहिते. दिवाळीच्या चोळ्यांची गर्दी होती. पोर पायात येईल, असंही मनात आलं होतं.

दाजींना पत्र वाचून दाखवलं. ते उठून बाजरी भरायला लागले. बाजरी आणि मटकीची डाळ घेऊन ते स्वतः परवा तुझ्याकडं येताहेत. परत पाठवू नको, पाठवलीस तर मी जेवणार नाही.

छबूला मी घेऊन येते. पायडल, शाळा, कशाचं काही बोलणार नाही. नुसती राहू दे माझ्याकडं. पत्ता कळव, मी लगेच निघते.

तुझी
अक्का

*

खडकेवाडी,
१९ जून १९७३

अक्कास नमस्कार. लिहिणारे मास्तर.

दाजी येऊन गेले. बाजरी ठेवून घेतली. धाकटा आता बरा आहे, पहिल्या दिवशी त्यानं दीड भाकरी खाल्ली. दाजी त्याच्याकडे बघून उठून बाहेर गेले.

परवा इकडे पाऊस झाला. चांगला झाला. लोक अंगणात उभे राहून भिजले.

छबूकडे लगेच जाऊ नको. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोवर मावशी न्यायला आली, तर तिकडचे म्हणतील, पोरगी दिली का उसनी दिली होती. त्यांनी अडचणीत आपल्याला हात दिला आहे. दसऱ्याला जा. पहिल्या दसऱ्याला माहेरचं कुणीतरी चोळी घेऊन जातंच. तेव्हा सासूला नीट विचार. तिनं पाठवली तर घेऊन जा, माझी ना नाही. तिला तुझ्याकडे बघितली तर मला सुखानं झोप लागेल.

पत्ता मास्तर खाली लिहितात.

तुझी
रंगू

*

कोल्हार,
९ ऑक्टोबर १९७३

रंगू,

काल संध्याकाळी परत आले. एकटीच आले. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तू वाट बघत बसणार नाहीस.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी पोचले. सगळ्या रस्त्यानं बाजरी उभी होती, कणसं हातभर. मनात ठरवून गेले होते की काय काय बोलायचं. घर वाईट निघालं, पोर वाळलेली दिसली, तर सरळ भांडायचं आणि हाताला धरून आणायचं. बोलायची तयारी अख्ख्या एसटीत केली होती.

घर चांगलं आहे, रंगू. बायडाबाई साधी बाई आहे, डोळ्यांनी जरा कमी दिसतं. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलासा. पोरीचं कुनी आलं न्हवतं." घर वाईट असतं तर मला बरं वाटलं असतं, हे लिहायची लाज वाटते, पण तसं आहे.

छबू विहिरीवरून आली. मी ओळखलं नाही. लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर, अंगानं भरलीय. उंची वाढलीय चांगलीच. पाया पडली आणि म्हणाली, "कवा आलासा मावशी? तुमी दमला असाल." मला तुमी म्हणाली. पत्रातून तू म्हणायची.

मी नुसती टाचून नेलेली चोळी तिला घालून बघायला सांगितली. या वेळी अंदाजानं शिवली नव्हती, तिथंच माप घेऊन हातानं टाके घातले. ती समोर उभी राहिली, हात वर कर म्हटलं की वर, वळ म्हटलं की वळ. सगळा वेळ तिच्या पाठीवर माझा हात होता, पण ती शेजारच्या बाईला द्यावं तसं माप देत होती. शाळेचं विचारलं तर म्हणाली, "इसरले आता." पण कोनाड्यात मुलाचं शाळेचं पुस्तक होतं, त्याला तिनं कव्हर घातलं होतं. वर नाव लिहिलं होतं त्याचं. अक्षर तेच, मोत्यासारखं.

सोनं वाटून झाल्यावर मी बायडाबाईला विचारलं. म्हटलं, महिनाभर पाठवता का, शिवण शिकवते, दिवाळी करून आणून सोडते. मला वाटलं होतं खूप बोलावं लागेल. ती म्हणाली, "न्या की. लेकरू हाय, तिलाबी बरं वाटंल. म्या म्हईस बगीन." एवढं सोपं होतं. विचारलं आणि हो म्हणाली, एका दमात. मी तिथं बसून राहिले. वाटलं, असंही असतं तर माणसाचं.

मग चुलीपाशी गेले. छबू भाकऱ्या थापत होती. तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, सासूबाईंनी हो म्हटलंय, सकाळच्या एसटीनं निघू. माझ्याकडं राहा. काही काम करायचं नाही, शिवायचं नाही, नुसती राहा. मावशीचं चुकलं, तेही म्हणाले. अकरा वर्षांच्या पोरीसमोर म्हणाले.

तिनं हात थांबवला नाही. परातीत भाकरी फिरवत म्हणाली, "तवा आले असते, मावशी."

मी म्हटलं, आता का नाही? म्हणाली, "आता हितं सवय झाली. सासूबाईस्नी दिसत न्हाई, त्यांस्नी एकटं कसं सोडायचं." तुझी चौकशी केली. धाकटा आता बरा आहे का विचारलं. माझ्यावर रागावली आहेस का म्हणून मी विचारलं तर माझ्याकडं बघून हसली, मोठ्या बायका हसतात तसं. रागानं बोलली असती तर मी तिचे पाय धरले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. राग नव्हताच. तिला एकदा कुणीतरी हवं होतं, मी नव्हते, ती दुसरीकडं मोठी झाली. आता मी घरी आलेली पाहुणी आहे.

तिनं तव्यावरची भाकरी काढली, तूप लावलं आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. म्हणाली, "पोटभर जेवा. हितं लई हाय."

मी जेवले, रंगू. भूक नव्हती, पण जेवले. तिनं आणखी एक वाढली, तीही खाल्ली. त्या पोरीला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

तुझी
गोजर